उंटकटाऱ्यांची नोटीस

लोरिंग काउंटीत समोरून गाडी आली की माणसानं स्टिअरिंगवरून उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायचं असतं. पंजा हलवायचा नाही, हसायचं नाही, हॉर्न तर मुळीच वाजवायचा नाही. हॉर्न वाजवणारा एक तर ओमाहा शहरातून आलेला असतो, नाहीतर त्याच्या गाडीला आग लागलेली असते. बोट उचललं की रामराम, तब्येत, पाऊसपाणी, सगळं त्यात आलं. समोरच्यानंही तेवढंच बोट उचलायचं आणि आपापली धूळ घेऊन पुढं जायचं.

डेल्मर हिनरिक्स एकतीस वर्षं या काउंटीचा तणअधिकारी होता. कुणाचं बोट त्याच्यासाठी उठतं आणि कुणाचं उठत नाही, हे त्याला घरातल्या खिडक्यांसारखं पाठ होतं. ज्याला नोटीस जाई त्याचं बोट एक हंगाम खाली राही. तापट माणूस असला तर दोन हंगाम. मग कधीतरी एखाद्या नोव्हेंबरात, मका काढून झाल्यावर, ते हळूच वर येई आणि प्रकरण मिटे. एकच बोट एकोणीस वर्षं खाली होतं. ते व्हर्लिन स्टूरचं.

व्हर्लिनचं कुरण आणि डेल्मरचं कुरण यांच्यामध्ये एक काटेरी तार आहे, आणि दोघांना गावात जायला एकच खडीचा रस्ता. म्हणजे रोज निदान दोनदा गाठ. डेल्मर काउंटीच्या पांढऱ्या पिकअपमधून बोट उचलायचा. व्हर्लिन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत जायचा, परीक्षेला बसलेल्या माणसासारखा. डेल्मर सप्टेंबरात निवृत्त होणार होता. पांढऱ्या पिकअपची किल्ली परत करायच्या आधी ते बोट एकदा उठावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, आणि त्याची बायको आर्लिस हिला ती पक्की माहीत होती.

डेल्मरचं स्वतःचं ते बोट वाकडं होतं, तेही व्हर्लिनच्याच कृपेनं. शाळेच्या बेसबॉल संघात व्हर्लिन चेंडू टाकायचा आणि डेल्मर फलंदाजामागे बसून तो झेलायचा. अशाच एका चेंडूनं त्याचं बोट मधल्या पेरात मोडलं. त्यानं ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधलं आणि सामना पुरा केला. बोट कायमचं डावीकडे बघत राहिलं. पुढं व्हर्लिनच्या लग्नात करवला म्हणून डेल्मर उभा राहिला तेव्हा खिशातली अंगठी काढायला त्याला त्या बोटामुळे इतका वेळ लागला, की जोनेल, म्हणजे नवरी, मोठ्यांदा म्हणाली, "नसेल सापडत तर राहू दे, आम्ही तसंच करतो." चर्चमध्ये हशा पिकला. अजून ती गोष्ट सांगतात.

तणअधिकाऱ्याचं काम ऐकायला सोपं आहे. आपल्या जमिनीतला उंटकटारा बी धरू द्यायचा नाही, असा या राज्यात कायदा आहे. कारण बी आपल्या कुरणात थांबत नाही, वाऱ्यावर म्हातारी होऊन शेजाऱ्याकडे जातं. वसंतात अधिकारी वर्तमानपत्रात सगळ्यांना मिळून एक सूचना देतो. ज्याला ती आपल्यासाठी नाही असं वाटतं (सगळ्यांनाच वाटतं), त्याच्या फाटकाशी तो जाऊन उभा राहतो आणि हवापाण्याचं बोलतो. एवढ्यानंही भागलं नाही तर रजिस्टर नोटीस. दहा दिवस. अकराव्या दिवशी काउंटीची माणसं येऊन कापतात. ती वेळ क्वचित यायची. लाज हे इथलं सगळ्यात जालीम तणनाशक आहे.

उंटकटारा म्हणजे एकच एक प्राणी नव्हे, हे डेल्मर कुणालाही, कुठंही सांगायचा. एक मानमोड्या. पहिल्या वर्षी जमिनीसरसा पानांचा पसरट झुबका, दुसऱ्या वर्षी छातीएवढी काठी आणि तिच्या टोकाला मान टाकलेलं जांभळं फूल. तो बियांवर जगतो. अरुंद पात्याचं फावडं पायानं दाबून दोन बोटं मातीखाली तोडला की मेला. मात्र फुलावर आला असेल तर बोंडं पोत्यात भरून न्यायची. नुसता कापून टाकलात तर पडल्या पडल्या बी पिकवतो. दुसरा बारका, तो मुळांवर जगतो. त्याला उपटायचं नाही, खणायचं तर नाहीच. मुळाचा बोटभर तुकडा राहिला की त्याचं नवं झाड. त्याला सारखं कापून दमवायचं आणि पानगळीच्या तोंडावर औषध मारायचं, म्हणजे तो ते स्वतःच मुळांपर्यंत नेतो.

चर्चमध्ये नवे पाद्री आले, शहरातले, उत्साही. चर्चसमोरच्या हिरवळीत बारक्या उंटकटाऱ्याची सात झाडं होती. पाद्रीबाबांनी भाड्यानं नांगरणीचं यंत्र आणून तेवढा तुकडा उलथापालथा केला, वर नवं गवत पेरलं आणि रविवारी प्रवचनात पापाची मुळं कशी खणून काढावी लागतात ते सांगितलं. डेल्मर तिसऱ्या बाकावर डोळे मिटून बसला होता. पुढच्या जूनमध्ये तिथं साठेक झाडं आली. पाद्रीबाबांनी त्याला फोन केला. डेल्मर म्हणाला, "पापाचं मला माहीत नाही. पण याला आधी उपाशी ठेवावं लागतं." हे पाद्रीबाबांनी पुढं एका प्रवचनात वापरलं, नाव न घेता.

अशा माणसाला घरी नेणं अवघड असतं. आर्लिसच्या भाचीच्या लग्नात हिरवळीवर मांडलेल्या खुर्च्यांमधून तो शपथा चालू असताना वाकला आणि काहीतरी उपटून कोटाच्या खिशात घातलं. दफनाच्या वेळी सगळे खड्ड्याकडे बघायचे, हा कुंपणाकडे. आर्लिस म्हणायची, "तुला स्वर्गात नेलं ना, तर तू देवाला दहा दिवसांची मुदत देशील." यावर तो थोडा विचार करून म्हणायचा, की स्वर्गात वारा आहे की नाही त्यावर अवलंबून आहे.

आता एकोणीस वर्षांपूर्वीचं.

त्या वर्षी मे महिन्यात जोनेलचा आजार उलटला. ओमाहाच्या डॉक्टरांनी जूनच्या मध्यावर तिला घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. या भागात एखाद्या घरावर असं काही आलं की कुणी विचारत बसत नाही. विचारलं तर माणूस नको म्हणतो, मग त्याचं नको मोडून काढावं लागतं आणि दोघांनाही संकोच. म्हणून न सांगता जायचं. एका शनिवारी अकरा ट्रॅक्टर व्हर्लिनच्या गवताच्या शेतात शिरले आणि दिवस मावळायच्या आत त्याच्या सगळ्या गवताच्या गाठी बांधून रचून दिल्या. बायकांनी झाडाखाली टेबलं मांडून चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल वाढले. मागच्या कुरणात मात्र कुणी गेलं नाही. तिथं मानमोड्या फुलला होता, आणि दुसऱ्याच्या तणाबद्दल बोलणं इथं असभ्य समजतात. माणसाच्या बायकोबद्दल, देवाबद्दल, राष्ट्राध्यक्षाबद्दल बोला. त्याच्या तणाबद्दल नाही. ते बोलायला सरकारनं एक माणूस नेमलेला आहे.

तो माणूस नोकरीला लागून बारा वर्षं झाली होती. मागच्याच वर्षी कुणीतरी काउंटीच्या बोर्डाकडे कागद दिला होता, की डेल्मर मित्रांकडे कानाडोळा करतो. खोटं होतं, पण झोंबलं होतं. डेल्मरनं व्हर्लिनचं कुरण रस्त्यावरून पाहिलं, फुलं मोजली, कचेरीत जाऊन नोटीस भरली आणि इतर तिघांच्या नोटिसांबरोबर रजिस्टर पोस्टानं पाठवली. आडनावांच्या क्रमानं, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. ती गुरुवारी पोचली. गवताचा शनिवार दोन दिवसांनी होता. डेल्मरही आपला ट्रॅक्टर घेऊन गेला, कारण शेजारधर्म वेगळा आणि कायदा वेगळा, असं त्याला तेव्हा वाटत होतं. फाटकात व्हर्लिन उभा होता. म्हणाला, "तू नको. तुझं काम झालंय." डेल्मरनं ट्रॅक्टर तिथंच वळवला. अकरात त्याचा धरलेला नाही.

व्हर्लिननं मुदतीच्या आत कुरण साफ केलं. एकट्यानं, फावडं आणि पोती घेऊन. चार दिवस लागले. जोनेल घरी आल्यावर सत्तावीस दिवस जगली. डेल्मरनं या दोन आकड्यांची आकडेमोड करायला नको होती, पण मोजायची सवय लागलेल्या माणसाला ती थांबवता येत नाही. त्या सत्तावीसातले चार दिवस आपण नेले, हे तिच्या दफनाच्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी तो कुंपणाकडे बघत नव्हता.

एक गोष्ट त्यानं कचेरीतल्या फायलीत लावली नाही. रजिस्टर पत्राची हिरवी पोचपावती परत येते, तिच्यावर घेणाऱ्याची सही असते. व्हर्लिन त्या गुरुवारी औषधं आणायला गेला होता. सही जोनेलची होती. डेल्मरनं ते कार्ड घरी आणून आपल्या मोज्यांच्या खणात ठेवलं, जिथं ते आर्लिसच्या नजरेला पडलंच, आणि कागद अपुरा असल्याची नोंद स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध केली.

आता निवृत्तीच्या वर्षाकडे येऊ. मे महिन्याच्या अखेरीस डेल्मर स्मशानभूमीच्या कुंपणाबाहेरच्या चरात एक झुबका पाहून पिकअपच्या मागच्या फळीवरून उतरला. उतरला म्हणजे पडला. खुब्याचं हाड मोडलं. दफनविधीला आलेल्या लोकांनीच त्याला उचललं. ते सगळे काळ्या कपड्यांत होते, त्यामुळे जाणाऱ्या गाड्यांमधल्या लोकांचा भलताच समज झाला आणि आर्लिस दवाखान्यात पोचायच्या आत तिला दोन सांत्वनाचे फोन आले. शहरात नेऊन खुबा बदलला. सहा आठवडे चौपायी काठीशिवाय उभं राहायचं नाही, पाय मुरडायचा नाही आणि दोन्ही हात एका वेळी काठीवरून सोडायचे नाहीत, असा हुकूम झाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला घरी आणून खिडकीपाशी उंच खुर्चीवर बसवलं. त्यानं पडदा बाजूला केला आणि समोर त्याचं साठ एकरांचं कुरण जांभळं झालं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यानं गुरांसाठी बाहेरच्या राज्यातून गवताच्या गाठी आणल्या होत्या. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर त्यानं प्रत्येक गाठ फोडून पाहायला लावली असती. स्वतःच्या गाठी त्यानं पाहिल्या नाहीत, कारण त्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या पाहत होता. मागच्या पानगळीत झुबके दिसले होते. वसंतात काढू म्हणाला, आणि वसंतात पडला.

शेजारी आले. आपापलं ठरवून, न विचारता. कुणी गुरांना पाणी दाखवलं, कुणी पन्हाळीतली पानं काढली. सात जणींनी कॅसरोल, म्हणजे चीज घालून भाजलेले बटाटे, आणले, साती एकाच कृतीचे. चर्चमधल्या माणसांनी येऊन घरापुढची हिरवळ कापली. हिरवळीच्या मधोमध, खिडकीच्या बरोबर समोर, मानमोड्याचं एक कमरेएवढं झाड उभं होतं. त्यांनी त्याला सुबक वळसा घालून यंत्र फिरवलं. पाहुणे खिडकीशी बसून तासतासभर गप्पा मारत आणि कुरणाकडे पाठ करून बसायची काळजी घेत. तोंडात सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती. रस्त्यावरच्या गाड्या मात्र त्याच्या कुंपणापाशी आल्या की एकदम हळू व्हायच्या. एकतीस वर्षांत ज्यांना ज्यांना नोटीस गेली होती, त्यांना त्या आठवड्यात त्याच रस्त्यानं काम निघालं.

"मी चर्चला फोन करते," आर्लिस म्हणाली. "नुसतं सांगायचा अवकाश, वीस माणसं येतील."

"मागायचं नाही."

"तू मागू नको. मी मागते."

"आर्लिस, जोनेलच्या वेळी व्हर्लिननं मागितलं होतं का?"

आर्लिसनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फावडं घेतलं. मनगटाच्या संधिवातानं नऊ झाडांत तिला थांबवलं.

मग डेल्मरनं कचेरीत फोन लावला. तिथं टॅम्रा वोबिग होती, त्याची दुय्यम, सप्टेंबरापासून त्याच्या जागेवर येणार होती. हुशार मुलगी, तण ओळखण्यात डेल्मरच्या वरताण, फक्त माणसांना अजून भ्यायची.

"टॅम्रा, सेक्शन चौदा, आग्नेय कोपरा. फुलावर आलंय. आठ-दहा दिवसांत म्हाताऱ्या उडतील. नोटीस काढ."

फोनवर नकाशा उलगडल्याची खसखस ऐकू आली. मग ती म्हणाली, "ते तुमचं आहे."

"कोपरा कुणाचा ते मी विचारलं नाही."

"मी शनिवारी येऊन कापते ना. माझा भाऊ येईल. कुणाला कळणार पण नाही."

"मग व्हर्लिन स्टूरला मी काय सांगू? त्याला कागद आणि मला तुझा भाऊ?" डेल्मरनं जरा दम घेतला. "शिक्का माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. दाबून मार, उजवीकडची शाई धरत नाही."

नोटीस तीन दिवसांनी आली. पोस्टमननं ती हातात देताना टोपी काढली. आर्लिस अंगणात होती, हातमोजा काढून तिनं हिरव्या कार्डावर सही केली आणि पाकीट घेऊन आत आली. ते डेल्मरच्या मांडीवर ठेवलं, पण गेली नाही.

"सही करताना मला माझं नाव धड लिहिता येईना," ती म्हणाली. "मी धडधाकट आहे, नवरा घरात बसलाय, काय आहे ते मला माहीत आहे. तरी येईना. जोनेल अंथरुणातून उठून दारापर्यंत आली असेल, डेल्मर."

डेल्मरला रडता येत नसे. त्याच्या बापालाही येत नसे. त्यानं पाकीट उघडलं आणि नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकतीस वर्षं हा मजकूर तो पाठवत होता. भाषा चांगली कडक होती. खाली 'कळावे' म्हणण्याइतकीही जागा नव्हती.

गावात पोस्टमन असला की वर्तमानपत्र नावापुरतं असतं. दुपारपर्यंत धान्याच्या कोठारापाशी कॉफी पिणाऱ्या सगळ्यांना कळलं, की डेल्मर हिनरिक्सनं स्वतःला नोटीस लावली. काही हसले. एकजण म्हणाला, आता अकराव्या दिवशी तो स्वतःच्या घरात घुसून स्वतःला दंड करील. व्हर्लिन कोपऱ्यात बसला होता. त्यानं कप ठेवला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डेल्मरनं पडदा सारला तेव्हा तारेच्या अलीकडे एक माणूस होता. गवताची टोपी, खांद्यावर पोती, हातात अरुंद पात्याचं फावडं. चाल ओळखीची होती. चेंडू टाकून टाकून उजवा खांदा उतरलेला. व्हर्लिननं घराकडे पाहिलं नाही. बांधापासून सुरुवात केली. आधी बोंडं कात्रीनं कापून पोत्यात, मग पात्याला पाय, मग झाड आडवं. प्रत्येक झाडाला तीच रीत. पासष्ट वर्षांचा माणूस, घाई नाही आणि विश्रांतीही नाही.

आर्लिसनं पाण्याचा जग फाटकाच्या खांबावर नेऊन ठेवला. संध्याकाळी तो रिकामा होता. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारी दालचिनीचे दोन रोल ठेवले. तेही गेले. डेल्मर खुर्चीवरून हलला नाही. व्हर्लिनच्या हातून एक झाड सुटलं तेव्हा याचा हात आपोआप काचेकडे गेला, पण यानं तो परत घेतला. एक झाड सुटलं तर जग बुडत नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. थोड्या वेळानं व्हर्लिननं मागं फिरून तेही काढलं.

चौथ्या दिवशी दुपारी काम संपलं. व्हर्लिन मागच्या दारानं आला, पायरीवर बूट काढले आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. एकोणीस वर्षांपूर्वी तो ज्या खुर्चीवर बसायचा तिच्यावरच. आर्लिसनं कॉफी ओतली आणि बाहेर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. ते अजून ओले होते.

डेल्मर काठी घेऊन खुर्चीपासून टेबलापर्यंत आला. बसायला वेळ लागला. व्हर्लिननं मदत केली नाही आणि ते बरं झालं.

"स्वतःला नोटीस पाठवलीस," व्हर्लिन म्हणाला.

"हो."

"रजिस्टर."

"हो."

"मूर्ख आहेस."

"कायद्यात काही वेगळं..."

"एकोणीस वर्षं मला वाटत होतं, यानं हे मला केलं. मित्र असून मला." व्हर्लिननं कपात पाहिलं. "आता कळलं. तू सगळ्यांशीच तसा आहेस. स्वतःशीसुद्धा. म्हणजे त्यात माझं असं काही नव्हतं."

"होतं," डेल्मर म्हणाला. "नोटीस चुकीची नव्हती. पण मी आधी फावडं घेऊन यायला हवं होतं. मी रोज तुझ्या तारेवरून जात होतो, व्हर्लिन. फुलं मोजली मी. मोजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बरीच कापून झाली असती. तुझे चार दिवस गेले. तिचे गेले. मला त्याचं फार वाईट वाटतं. तेव्हापासून वाटतं."

व्हर्लिननं कप बाजूला सारला. बाहेर आर्लिस ओले कपडे परत वाळत घालत होती.

"हं," तो म्हणाला. "यायला हवं होतंस."

डेल्मरनं सदऱ्याच्या खिशातून हिरवं कार्ड काढलं. गेले चार दिवस तो ते घेऊन बसला होता. वाकड्या बोटामुळे ते खिशातून निघायला वेळ लागला, आणि त्या वेळात दोघांनाही चर्च आठवलं असावं, कारण व्हर्लिनचा ओठ जरा हलला. डेल्मरनं कार्ड टेबलावर सरकवलं.

व्हर्लिननं चष्मा लावला. नाव वाचलं. परत वाचलं. "मला वाटलं पोस्टमन टेबलावर ठेवून गेला," तो म्हणाला. "तिनं सही केली हे मला सांगितलंच नाही. उठून गेल्याबद्दल मी ओरडलो असतो म्हणून." त्यानं अंगठा त्या सहीवर ठेवला आणि काही वेळ तो तसाच होता. मग कार्ड खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

दारात बूट चढवताना तो म्हणाला, "हिरवळीतलं एक ठेवलंय. ते तुझं."

"बी धरेल ते."

"बोंडं मी नेलीत. तुझ्यावर कोण विश्वास ठेवतो? खोड तेवढं आहे. नोटिशीला अजून सहा दिवस आहेत."

डेल्मरनं खरोखरच सहा दिवस मोजले. पहिल्या दिवशी तो काठी घेऊन पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत आला. चौथ्या दिवशी हिरवळीपर्यंत पोचला, झाडाकडे पाहिलं आणि फावडं घरातच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. टॅम्रा तपासणीला आली, तेव्हा तिनं उरलेल्या कुरणाची पाहणी फार बारकाईनं केली आणि हिरवळीची मुळीच केली नाही. तिला डेल्मरनं बोलावून ती चूक दाखवली आणि उद्या यायला सांगितलं.

मुदतीच्या दहाव्या दिवशी, जेवणं झाल्यावर, तो फावडं काठीला बांधून बाहेर पडला. झाडापाशी पोचला. डावा हात काठीवर, उजवा फावड्याच्या दांड्यावर. बरा पाय पात्यावर ठेवायचा तर सगळा भार नव्या खुब्यावर येत होता. म्हणून त्यानं पाय न वापरता दांडाच दाबायला सुरुवात केली. खिडकीतून आर्लिस बघत होती आणि काही बोलत नव्हती, हे तिला किती कठीण गेलं ते तिनं पुढं सगळ्यांना सांगितलं. सातव्या की आठव्या दाबाला पातं मातीत शिरलं. खोड कलंडलं आणि हिरवळीवर आडवं झालं.

तेव्हाच रस्त्यावर गाडीचा आवाज आला. निळा जुना पिकअप, गावाकडून घरी निघालेला. काच खाली होती. व्हर्लिन समोर बघत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. फाटकापाशी आल्यावर त्यानं वेग कमी केला नाही, मान वळवली नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं वर आलं.

डेल्मरला काठीवरचा किंवा दांड्यावरचा, कुठलाच हात सोडता येत नव्हता. सोडला असता तर पडला असता. त्यानं फावड्याच्या दांड्यावरून वाकडं बोट उचललं आणि धूळ खाली बसेपर्यंत ते तसंच वर ठेवलं.

मग, बोंडं नसली तरी, त्यानं आर्लिसला पोतं आणायला सांगितलं.